गुरुपरंपरा, मठाम्नाय आणि आयुर्वेदावतरण

सन २०१५ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वर येथील एका रुग्णसेवा शिबिरात काही दिवस काम करण्याचा योग आम्हांस आला. पायाची भेग, पोटाचे विकार, ज्वर, कास असे नित्याचेच रुग्ण होते. केसपेपर भरताना मात्र एक अडचण वारंवार उभी राहू लागली. ‘पित्याचे नाव’ या रकान्यापाशी आलो, की समोरचा साधू नि:संकोचपणे आपल्या गुरूचे नाव सांगे. ‘गाव’ विचारले, तर आखाड्याचे आणि मढीचे नाव सांगे. संन्यास घेतेवेळी आत्मश्राद्ध आणि विरजाहोम होऊन पूर्वाश्रमीचे नाव, गोत्र, शिखा, सूत्र ही सर्व सुटलेली असल्याने त्याच्या दृष्टीने हेच उत्तर यथार्थ होते. आम्हीही मग तो रकाना तसाच भरू लागलो.

त्यांतील एका वृद्ध गिरी संन्याशाने औषधाची पुडी हाती घेतल्यावर सहज विचारले, ‘आणि वैद्यराज, आपले गुरू कोण?’ आम्ही आमच्या महाविद्यालयाचे नाव आणि पदवीचे वर्ष सांगितले. ते म्हणाले, ‘हे स्थान झाले, मी गुरू विचारला.’ त्या वेळी आम्ही हसून विषय टाळला. परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आपल्या शास्त्राच्या संहिता ज्या वंशकथनाने सुरू होतात, त्या वंशाशी आपले आज नेमके कोणते नाते उरले आहे? ‘अखंड परंपरा’ हा शब्द आपल्या सभा-संमेलनांतून आणि हल्ली औषधांच्या वेष्टनांवरूनही वारंवार भेटतो. त्याचा अर्थ काय, हे पाहण्यासाठी संन्यासमठांची परंपरा आणि आपली परंपरा शेजारी शेजारी ठेवून विचार करावा, असे आम्हांस वाटले. प्रस्तुत लेख त्या विचाराचे फलित होय.

वंश: जन्माचा आणि विद्येचा

‘वंश’ शब्दाचा एक अर्थ वेळू असा आहे. पेरापेराने वाढणारी ही वनस्पती दोन्ही वंशांचे यथार्थ चित्र दाखवते. विद्येच्या वंशाचे जुने आणि सविस्तर नमुने बृहदारण्यक उपनिषदात मिळतात. त्यात वंशब्राह्मणे तीन आहेत. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अध्यायाच्या शेवटी अमुकाने अमुकाकडून विद्या घेतली अशी लांबलचक नामावळी येते आणि ती स्वयंभू ब्रह्मापर्यंत जाऊन थांबते. सहाव्या अध्यायातील नामावळीत बहुतेक आचार्य मातेच्या नावाने ओळखले आहेत, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

वैद्यांनी ही नामावळी एकदा तरी सावकाश वाचावी. तीत भारद्वाज, आत्रेय आणि आग्निवेश्य ही नावे भेटतात. चरकसंहितेतील भरद्वाज, आत्रेय आणि अग्निवेश ते हेच, असे कोणी म्हणू नये. ही गोत्रनामे असून एकाच नावाच्या अनेक व्यक्ती होऊन गेल्या आहेत. परंतु त्याच नामावळीत पुढे अश्विनीकुमार येतात. त्यांनी दध्यङ् आथर्वण ऋषींपासून मधुविद्या घेतली. ही विद्या कोणास दिल्यास शिर उडवीन, अशी इंद्राची धमकी असल्यामुळे अश्विनांनी दध्यङ् ऋषींचे मस्तक काढून ठेवले आणि त्या जागी घोड्याचे मस्तक बसवले. विद्यादान झाले, इंद्राने ते मस्तक छेदले आणि अश्विनांनी मूळ मस्तक पुन्हा सांधले, अशी कथा आहे. ब्रह्मविद्येच्या वंशातील एक पेर अशा रीतीने शल्यकर्माने टिकले आहे. देवांचे वैद्य येथे शिष्याच्या भूमिकेत आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मुंडकोपनिषदातही ब्रह्मदेव, अथर्वा, अंगिर, भारद्वाज सत्यवाह, अंगिरस, शौनक असा क्रम आहे. संहितांमधील आयुर्वेदावतरण याच साच्यात बसते. चरकानुसार ब्रह्मा, दक्ष प्रजापती, अश्विनीकुमार, इंद्र, भरद्वाज आणि पुढे पुनर्वसू आत्रेय. सुश्रुतानुसार इंद्रापासून धन्वंतरी, म्हणजे काशिराज दिवोदास, आणि त्याच्यापासून सुश्रुत, औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत प्रभृती. काश्यपसंहितेत इंद्राकडून कश्यप, वसिष्ठ, अत्री आणि भृगू. इंद्रापर्यंत सर्वांचा मार्ग एकच आहे आणि तेथून तो फुटतो. संहिताकारांना हे भेद ठाऊक नव्हते असे नाही. प्रत्येकाने आपल्या शाखेचे मूळ सांगितले आणि दुसऱ्याचे नाकारले नाही.

या अवतरणकथेमागे आणखी एक कारण असावे, असे आमचे मत आहे. वैदिक वाङ्मयात वैद्याचे स्थान सरळ नाही. तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमारांना मनुष्यांमध्ये वावरणारे भिषक् म्हणून अशुद्ध मानले आहे आणि ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असाही निर्णय तेथे येतो. मनुस्मृतीत चिकित्सकाचे अन्न वर्ज्य ठरवले आहे. अशा समाजात चरकाने चिकित्सास्थानातील रसायनाध्यायाच्या चौथ्या पादात अश्विनांच्या उपचारांची यादी दिली आहे. पूषाचे दात, भगाचे नेत्र, इंद्राचा भुजस्तंभ, च्यवनाचे तारुण्य असे ते उपचार होत. त्यामुळेच ते यज्ञात पूजनीय झाले, असेही तो सांगतो. आपला वंश देवांपर्यंत नेण्यात वैद्यांचा केवळ गौरवाचा हेतू नव्हता. ज्या हातांना पंक्तीत जागा नव्हती, त्यांनी मांडलेला तो युक्तिवाद होता. आज व्यासपीठावरून अवतरणाचे पठण करणाऱ्या कितीजणांना याची आठवण असते, कोण जाणे.

मठांची व्यवस्था

आता मठांकडे वळू. आद्य शंकराचार्यांच्या नावाने चालत आलेली चार आम्नायपीठे वाचकांस परिचित आहेतच. दक्षिणेस शृंगेरी, पश्चिमेस द्वारका, पूर्वेस पुरीचे गोवर्धनपीठ आणि उत्तरेस ज्योतिर्मठ. प्रत्येकाचा वेद, महावाक्य आणि संन्यासनामे ठरलेली आहेत. गिरी, पर्वत, सागर ही नावे ज्योतिर्मठाकडे, तीर्थ आणि आश्रम द्वारकेकडे, वन आणि अरण्य गोवर्धनाकडे, सरस्वती, भारती आणि पुरी शृंगेरीकडे. ही झाली दशनामी व्यवस्था. आखाड्यांतील संन्याशांत याखेरीज बावन्न मढ्यांची विभागणी आहे. शिबिरातील त्या वृद्धांनी ‘गाव’ म्हणून सांगितली ती यांपैकीच एक.

शंकराचार्यांच्या काळाविषयी मठांची गणना आणि इतिहासकारांचे मत यांत मोठे अंतर आहे. मठपरंपरा त्यांना ख्रिस्तपूर्व शतकांत नेतात, तर अभ्यासक सामान्यत: इ. स. च्या आठव्या शतकाच्या आसपास ठेवतात. चार पीठांची आज दिसते तशी व्यवस्था नंतरच्या काळात आकारास आली, असे मानणारे अभ्यासकही आहेत. या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्याला पाहायचे आहे ते हे, की मठ आपली परंपरा प्रत्यक्षात चालवतो कसा.

शृंगेरीचे उदाहरण घ्यावे. तेथे पीठाधीश आपल्या हयातीतच शिष्य निवडतात. त्याला संन्यास देऊन शास्त्राध्ययनास बसवतात आणि गुरूंच्या सान्निध्यात तो काही वर्षे, क्वचित दशके, शिकत राहतो. १९८९ साली पीठावर आलेल्या श्रीभारतीतीर्थ स्वामींनी जानेवारी २०१५ मध्ये श्रीविधुशेखर भारती यांना शिष्य म्हणून स्वीकारले. उत्तराधिकारी येथे जन्माने ठरत नाही, मतांनी ठरत नाही आणि सामान्यत: गुरूच्या पश्चात शोधावा लागत नाही. गुरू आणि शिष्य एकाच वास्तूत, एकाच दिनक्रमात वावरतात. ग्रंथ तर मठाबाहेरही मिळतो. मठात मिळतो तो ग्रंथ वाचणारा माणूस, रोज, डोळ्यांसमोर.

असे असूनही खंड पडतात. ज्योतिर्मठाची गादी सन १७७६ च्या सुमारास रिक्त झाली आणि १९४१ मध्ये श्रीब्रह्मानंद सरस्वती पीठारूढ होईपर्यंत, म्हणजे सुमारे १६५ वर्षे, रिक्त राहिली. १९५३ मध्ये त्यांच्या देहावसानानंतर उत्तराधिकाराचा वाद उभा राहिला आणि तो न्यायालयांपर्यंत गेला. ज्या पीठाची इतकी दीर्घ पोकळी सर्वश्रुत आहे, ते पीठ म्हणून त्याची मान्यता मात्र गेली नाही. अन्य पीठांचे आचार्य, विद्वान आणि अनुयायी यांच्या संमतीने ते पुन्हा उभे करता आले, कारण आम्नाय, म्हणजे त्या पीठाची ठरलेली मर्यादा, लिहून ठेवलेली होती.

गोमंतकातील मठांचा इतिहासही असाच बोलका आहे. कवळे येथील गौडपादाचार्य मठ आपली परंपरा शंकराचार्यांचे परमगुरू गौडपाद यांच्याशी जोडतो, तर पर्तगाळीचा गोकर्ण-पर्तगाळी जीवोत्तम मठ मध्वसंप्रदायाचा. त्याची स्थापना १४७५ ची मानतात आणि २०२५ मध्ये त्याच्या ५५० वर्षांचा उत्सव झाला. पोर्तुगीज राजवटीत देवालये आणि मठ यांवर संकट आले, स्थाने बदलावी लागली, अनुयायी कारवार-मंगळूरकडे विखुरले. परंतु गुरुशिष्यांची साखळी स्थानावर अवलंबून नसल्याने ती स्थानांतर करू शकली.

आपल्याकडील नाथपरंपरेचा मार्ग निराळा. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव हा क्रम स्वत: ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी नोंदवून ठेवला आहे. ग्रंथाचा शक १२१२, म्हणजे इ. स. १२९०. येथे थोरला भाऊच गुरू आहे, म्हणजे जन्मवंश आणि विद्यावंश यांचा सांधा आहे. आणि गुप्त उपदेशाने चालत आलेली विद्या मराठीत सर्वांसमोर मांडली जाते, हा त्याहून मोठा पालट आहे. त्याच सुमारास देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहून गेला, आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने आपल्या पित्याच्या, वैद्य केशवाच्या, ‘सिद्धमंत्र’ ग्रंथावर टीका केली. मराठी मुलुखात एकाच शतकात हे सर्व घडले. आपल्या महाविद्यालयांतून हेमाद्री हे नाव केवळ परीक्षेच्या उत्तरापुरते येते, याची आम्हांस खंत वाटते.

संहितांची प्रामाणिक कबुली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आयुर्वेदाची परंपरा अखंड आहे काय? आपण सभांमधून हो म्हणतो. आपल्या संहिता मात्र तसे म्हणत नाहीत.

आत्रेयांचे सहा शिष्य होत: अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी. सहाही जणांनी तंत्रे रचली आणि ऋषिसभेत ती ऐकवली, असे चरक सांगतो. आज काय उरले आहे? अग्निवेशाचे तंत्र चरकाने प्रतिसंस्कारित केलेल्या रूपात आहे. भेलसंहिता तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित हस्तलिखितावरून ज्ञात झाली आणि १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ती छापली. (त्या ग्रंथालयाची जोपासना करणारे सरफोजी राजे मराठी होते आणि त्यांनी तेथे धन्वंतरी महाल नावाची आरोग्यशाळाही चालवली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.) हारीताच्या नावावर आज छापील मिळणाऱ्या ग्रंथाच्या मूळपणाविषयी विद्वानांना शंका आहे. जतूकर्ण, पराशर, क्षारपाणी हे तर टीकाकारांनी घेतलेल्या उताऱ्यांतच जिवंत आहेत. एकाच गुरूचे सहा शिष्य, आणि टिकला तो ज्याला पुढे वाचणारा, दुरुस्त करणारा आणि शिकवणारा मिळाला तो.

त्या टिकलेल्याचीही कथा पाहावी. चरकसंहितेचे १२० अध्याय. त्यांपैकी चिकित्सास्थानाचे १७ आणि कल्प व सिद्धिस्थानांचे प्रत्येकी १२, एकूण ४१ अध्याय, म्हणजे ग्रंथाचा तिसरा हिस्सा, दृढबलाच्या काळी उपलब्ध नव्हता. पंचनदपूरच्या या कपिलबलपुत्राने अनेक तंत्रांतून वेचून तो भाग पूर्ण केला आणि तसे स्पष्ट लिहून ठेवले. कोणते अध्याय आपले, हे त्याने झाकले नाही. आज आपण वमन-विरेचनाचे कल्प आणि बस्तीच्या व्यापदा ज्याच्या आधारे शिकवतो, तो भाग हाच.

काश्यपसंहिता तर परंपरा तुटल्याची कथा स्वत:च सांगते. वृद्धजीवकाचे तंत्र काळाच्या ओघात नष्ट झाले होते, ते अनायास नामक यक्षाने जपून ठेवले आणि जीवकाच्या वंशातील वात्स्याने त्याला प्रसन्न करून मिळवले. यक्ष बाजूला ठेवला तरी मथितार्थ राहतो: ग्रंथ हरवला होता आणि तो कुळाबाहेरच्या कोणाकडे तरी सापडला. पुढे तो पुन्हा दृष्टिआड झाला आणि नेपाळातील हस्तलिखितावरून १९३८ मध्ये पंडित हेमराज शर्मा यांच्या उपोद्घातासह प्रसिद्ध झाला. यक्षाचे काम या वेळी नेपाळच्या राजगुरूंनी केले, एवढाच फरक.

गीतेच्या चौथ्या अध्यायातही विवस्वान, मनू, इक्ष्वाकू अशी परंपरा सांगून लगेच ती दीर्घकाळाने नष्ट झाल्याचे म्हटले आहे. जुन्या परंपरांना खंड सांगण्याची लाज नव्हती. खंड कोठे पडला, तो कोणी भरला आणि कशाच्या आधारे भरला, हे सांगणे हीच त्यांची प्रामाण्याची रीत होती. ‘अखंड’ हे विशेषण आपण, बहुधा विसाव्या शतकात, पाश्चात्त्य वैद्यकाच्या दबावाखाली अधिक आग्रहाने लावू लागलो, असे आमचे मत आहे. ते चुकीचे असल्यास विद्वानांनी दाखवून द्यावे.

नामसादृश्याचा मोहही येथेच नोंदवतो. ‘रसहृदयतंत्र’ या रसशास्त्रातील मान्य ग्रंथाचे कर्ते गोविंद भगवत्पाद. शंकराचार्यांचे गुरूही गोविंद भगवत्पाद. त्यामुळे दोघे एकच, म्हणजे अद्वैत वेदान्त आणि पारदसंस्कार एकाच गुरुमुखातून आले, असे आपल्या व्याख्यानांत वारंवार सांगितले जाते. ऐकायला ते मोहक आहे. परंतु ग्रंथाची भाषा, त्यातील किरातराज मदनाचा उल्लेख आणि रसविद्येच्या विकासाचा काळ पाहता अनेक अभ्यासक हा ग्रंथ शंकराचार्यांनंतरचा ठरवतात. नावाचे साम्य हा वंशाचा पुरावा नव्हे. रसरत्नसमुच्चयातील सत्तावीस रससिद्धांची यादीही श्रद्धेने वाचावी, पण ती जन्मपत्रिका समजू नये.

गुरूने घेतलेली शपथ

संन्यासदीक्षेशी तोलून पाहण्यासारखा आपल्याकडील विधी म्हणजे शिष्योपनयन. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात त्याचे वर्णन केले आहे. अग्नीच्या साक्षीने शिष्य नियम स्वीकारतो, हे सर्वांना ठाऊक आहे. नंतरचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तेथे गुरूही स्वत:ला बांधून घेतो. शिष्य नीट वागत असताना मी त्याच्याशी अन्यथा वागलो, तर पाप माझ्याकडे आणि माझी विद्या निष्फळ, असा त्याचा आशय आहे. संन्यासदीक्षेत शिष्य सर्वस्व सोडतो. वैद्यदीक्षेत दोघेही पणाला लागतात. त्याच ठिकाणी कुलगुणसंपन्न शूद्रास मंत्र वगळून शिकवावे असे काहींचे मत सुश्रुत नोंदवतो. आजच्या दृष्टीने ते अपुरे आहे, तरी त्या काळी हा वाद वैद्यांमध्ये चालू होता एवढे त्यावरून कळते.

चरक याहून एक पाऊल पुढे जातो. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याने आधी शास्त्राची आणि मग आचार्याची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. आचार्य दृष्टकर्मा हवा, म्हणजे त्याचे काम लोकांनी पाहिलेले असावे. शिकण्याचे उपाय तीन: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. तिसरा उपाय मठांमधील वादपरंपरेशी नाते सांगतो. गुरूचे म्हणणे तज्ज्ञांच्या सभेत तपासले जाते. आणि रसायनाध्यायात वैद्य हा शब्द जन्माने मिळत नसून विद्या पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या नव्या जन्माने मिळतो, असे म्हटले आहे. ‘सात पिढ्यांचे वैद्य’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हा भाग अवश्य पाहावा.

कुलपरंपरेला आमचा विरोध आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. केरळातील अष्टवैद्य घराण्यांनी अष्टांगहृदय पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवले आणि पंचकर्माची अंगे जपली. परंतु त्यांच्यातही विद्या घराबाहेर गेली तेव्हाच ती दूरवर पोहोचली. कोट्टक्कल येथे १९०२ मध्ये आर्यवैद्यशाळा स्थापणारे पी. एस. वारियर हे कुट्टंचेरी घराण्यातील अष्टवैद्यांचे शिष्य होते, पुत्र नव्हेत. जयपूरचे स्वामी लक्ष्मीराम तर दादूपंथी साधू. संस्कृत महाविद्यालयात आयुर्वेद शिकवणाऱ्या या संन्यस्त पुरुषाचा शिष्यपरिवार मोठा झाला. मठ आणि वैद्यविद्या यांचा सांधा जुळलेले हे अलीकडचे उदाहरण होय.

वहीतील एक शब्द

येथे एक अनुभव सांगणे भाग आहे. विद्यार्थिदशेत सुट्टीच्या दिवसांत आम्ही आमच्या तालुक्यातील एका वयोवृद्ध वैद्यांकडे जात असू. त्यांची रसपर्पटी प्रसिद्ध होती. ग्रहणीचे जीर्ण रुग्ण लांबून येत. पर्पटीची कृती ग्रंथांत आहेच: कज्जली लोखंडी पळीत तुपावर वितळवावी, शेणावर पसरलेल्या केळीच्या पानावर ओतावी, वर दुसरे पान ठेवून दाबावी. मृदू, मध्य आणि खर असे पाकाचे तीन प्रकार. पहिले दोन ग्राह्य आणि खर पाक विषासमान त्याज्य. आमच्या हातून पर्पटी दोनदा खर झाली. वैद्यबुवा काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी आमचे मनगट धरले आणि नेमक्या क्षणी पळी कलती केली. तो क्षण रंगाचा होता की वासाचा की पळीच्या जडपणाचा, हे आम्हांस आजही शब्दांत सांगता येत नाही. हातास मात्र तो कळतो.

त्यांच्याकडे आणखी एक कल्प होता, आमवातावरचा. तो त्यांनी कोणासच शिकवला नाही. ‘योग्य पात्र मिळाले की देईन’ असे म्हणत. ते गेल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी वही आम्हांस दाखवली. घटकद्रव्ये सारी होती, मानेही होती. भावनेच्या ठिकाणी मात्र एकच शब्द लिहिला होता: ‘नेहमीप्रमाणे’. कोणत्या स्वरसाची, किती वेळा, हे त्या शब्दाबरोबरच गेले. आम्ही तीन पर्याय करून पाहिले, तो परिणाम दिसला नाही. त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे आणि रागही आहे. हे दोन्ही लिहिण्यास आता संकोच वाटत नाही.

दृढबलाला निदान इतर तंत्रे उपलब्ध होती. ‘नेहमीप्रमाणे’ हा खंड कोणत्या तंत्रातून भरावा? मठात गुरू हयातीतच शिष्य स्वीकारतो, तो याच भीतीने. आमच्या वैद्यबुवांनी पात्रतेची वाट पाहिली आणि पात्र निर्माण करण्याचे काम राहिले. सुश्रुताच्या भाषेत त्यांनी शपथेचा आपला अर्धा भाग पाळला नाही, असे आम्ही म्हणू. मोठ्या मनाचा माणूस होता तो, म्हणूनच हे अधिक लागते.

दुसरीकडे पदवीशिक्षणाने गुप्ततेचा दोष घालवला, हे नि:संशय. १९०७ साली नाशिक येथे वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने आयुर्वेद महासंमेलनाची परंपरा सुरू झाली. पुढे यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संशोधित केलेल्या, निर्णयसागरने छापलेल्या संहिता आपल्या हाती आल्या. चक्रपाणीने आपला गुरू नरदत्त आणि वाग्भटाने आपला गुरू अवलोकित कोण हे नोंदवले, तसे आपण निर्णयसागरची प्रत नोंदवतो. १९७० च्या केंद्रीय कायद्याने आणि आता २०२० च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने अभ्यासक्रम एकसारखा झाला. परंतु शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात मनगट धरणार कोण? सुश्रुताने योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेदनकर्माचा सराव करावयास सांगितला आहे. किती महाविद्यालयांत तो होतो, हे वाचकांनी स्वत:शी तपासावे. प्रवेशाच्या वेळी शिष्योपनयनाचा समारंभ आता अनेक ठिकाणी होतो. त्यात विद्यार्थी शपथ घेतात, अध्यापकांनी घ्यावयाची शपथ आम्ही तरी अद्याप कोठे ऐकली नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९८८ ची, गुरुशिष्य पद्धतीने पदवीधरांस अनुभवी वैद्यांकडे ठेवण्याचा क्रम चालवला आहे. हा प्रयत्न स्तुत्य असला तरी त्याचा आवाका देशातील पदवीधरांच्या संख्येपुढे लहान आहे. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखा हे काम करू शकतील, असे आम्हांस वाटते. त्यासाठी निधी फारसा लागत नाही. साठीपुढच्या प्रत्येक वैद्याकडे एक तरुण वैद्य, आठवड्यातून एक दिवस, वर्षभर. त्याने कल्प लिहून घ्यावा, स्वत: करावा, चुकवावा, पुन्हा करावा. पाककाल, भावनाद्रव्य, भावनांची संख्या, रुग्णांची नोंद आणि फसलेले प्रसंग, हे सर्व वहीत यावे. आणि वहीच्या पहिल्या पानावर दृढबलाप्रमाणे लिहावे, की यातले गुरूकडून किती आणि स्वत: भरलेले किती. पारदयुक्त कल्पांच्या बाबतीत तर ‘आमच्या परंपरेत असेच करतात’ एवढे उत्तर आता रुग्णही स्वीकारत नाही आणि प्रयोगशाळाही.

ज्या वैद्यबंधू-भगिनींच्या घरी वाडवडिलांच्या अथवा गुरूंच्या हस्तलिखित वह्या असतील, त्यांनी त्यांची छायाप्रत शाखेच्या कार्यवाहांकडे द्यावी, मूळ वही घरीच ठेवावी. ज्या ठिकाणी ‘नेहमीप्रमाणे’, ‘गुरुमुखाने’, ‘पूर्ववत्’ असे शब्द आले असतील, त्यांखाली रेघ ओढून पाठवावे. ती कृती प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अजून हयात असतील, तर त्यांना आताच विचारून घेता येईल. आमच्या वैद्यबुवांच्या वहीची प्रत आम्ही याच टपालाने पाठवत आहोत.